कोटातलं वरण

२ एप्रिल १९७४
विश्वनाथ काल जबलपूरला परत गेला. जाताना पुन्हा तेच. आई, तुझ्या पेन्शनवर हे घर चालत नाही, भाड्याने देऊन टाक आणि माझ्याकडे चल. मी म्हटलं, महिनाभर थांब. मन लावून काटकसर केली तर प्रतापनगरच्या या घरातून मला कोणी हलवू शकत नाही. मेमध्ये येऊन बघणार म्हणाला. बघू दे. मोठा खर्च रॉकेलचा. तोच बंद.

३ एप्रिल
धरमपेठच्या वाचनालयात एका मासिकात उत्तम लेख. डाळीला चांगली उकळी आणायची, पातेलं स्टोव्हवरून उतरवून गवताच्या पेटीत गच्च बसवायचं. आतल्या आत शिजतं. फुकट! घरात गवत नाही. यांचा लोकरीचा कोट आहे. हे गेल्यापासून खुंटीवर नुसता लटकतो आहे. हे असते तर घे म्हणाले असते. तंबाखूचा वास अजून येतो त्याला. आता वरणाचा लागेल. लागू दे. काम महत्त्वाचं.

४ एप्रिल
लेखात सुधारणा केली. उकळी तरी कशाला? लेखकाला नागपूरचं ऊन ठाऊक नसावं. गार पातेलंच कोटात गुंडाळलं, बटणं लावली, अंगणात उन्हात ठेवलं. शेजारची जिजाबाई कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "काहून वं यमुताई, थंड राहाले आपण माठाले फडकं गुंडाळतो, अन् तू वरण गरम कराले कोट गुंडाळून राहिली?" वाचन नसलं की असं होतं.
दुपारी १. डाळ खड्यासारखी. अवकाश आहे.
दुपारी १॥. जिजाबाईची हाक. म्हणे, एकटीला जेवण जात नाही. तिच्या घरात पाच माणसं आहेत, पण स्वभाव. गेले. तिला वाईट वाटू नये म्हणून तीन पोळ्या आणि आलू-वांगं खाल्लं.

११ एप्रिल
रॉकेलचा डबा जसाच्या तसा! पद्धत सिद्ध झाली. डाळ आता छान फुगते. शिजणं ही पुढची पायरी. उन्हाने थोडी आंबते. म्हणजे चिंचेचाही खर्च वाचला.
जिजाबाईला सोबत देणं चालू आहे. रात्रीही एकटीला जात नाही तिला.

१९ एप्रिल
चहा सोडला. घरचा. जिजाबाईचे यजमान चंपतराव सकाळी व्हरांड्यात पेपर वाचतात, त्यांना बातम्या समजावून सांगाव्या लागतात. त्या वेळी कप पुढे येतो, नाही कसं म्हणणार?

२५ एप्रिल, अक्षय तृतीया
आज यांचं पान. पहाटेच स्टोव्ह पेटवला. पुरण, कढी, वडे, पन्हं, सगळं केलं. नियम मोडला असं मी मानत नाही. हे माझं जेवण नव्हे. यांना वरण मऊ लागायचं, मधोमध तूप. कच्चं वाढायला हात होईना. पान वाढल्यावर बराच वेळ तिथेच बसून होते. मग जेवायला बसले, पण एकटीला गेलं नाही. पुरण जिजाबाईकडे दिलं.
उद्यापासून पुन्हा कोट.

४ मे
विश्वनाथ आला. आल्या आल्या मी त्याला रॉकेलचा डबा उचलून दाखवला. जवळजवळ भरलेला! चाट पडला. म्हणाला, आई, मी हरलो. मी लेखाबद्दल सांगत होते, तेवढ्यात चंपतराव हातात रिकामा डबा घेऊन आले. "विश्वनाथ, रॉकेलच्या लाइनीत जाशील तर मले बी सांग गा. आमचा डबा या खेपेले लवकरच संपला. वयनी जेवाले असतात ना."
आतून जिजाबाई ओरडली, "काहून बोलून राहिले हो तुमी? तिच्या दोन पोळ्यांनी डबा संपते का?"
दोन नव्हे, तीन. विश्वनाथने अंगणात जाऊन कोटाची बटणं काढली, डाळीचा दाणा चावला आणि गाल धरून खाली बसला. मग हसत सुटला. थोड्या वेळाने मीही.

५ मे
निर्णय झाला. मी इथेच राहणार. माझं रॉकेल, गहू, डाळ जिजाबाईकडे जाईल. चूल एक, जेवण एकत्र. विश्वनाथ म्हणाला, तू उपाशी राहणार नाहीस एवढं मला पुरे. जिजाबाई म्हणाली, "हे तर मी पहिल्याच दिवशी म्हणणार होती वं, पण तू बटना लावून राहिली होती."
म्हणजे घर राहिलं. काटकसर यशस्वी.
संध्याकाळी कोट धुवायला काढला. आधी हुंगून पाहिला. तंबाखूचाच वास. वरणाचा जरासुद्धा नाही. लागणार कसा? कोटात ते एकदाही शिजलं नव्हतं.
न धुता खुंटीवर ठेवला.