गेरूच्या खुणा

३ फेब्रुवारी
शाळेतल्या शिवणाच्या बाई एकदा म्हणाल्या होत्या, "तुझे हात फक्त पेन धरायच्या कामाचे." आज त्यांची आठवण झाली. दारातल्या पायऱ्यांसाठी रेतीचे दगड आलेत, चौकोनी, सगळीकडून सारखे. धुळीने माखलेले. मी हौसेने काथ्याने घासून लख्ख धुतले. जैनाबादचे सुपडूदादा पाथरवट आले आणि बघतच राहिले.
"बाई, गेरूच्या खुणा कुठं गेल्या?"
खाणीत दगड जसा पडलेला असतो त्याची वरची बाजू गेरूने खुणावतात म्हणे. भिंतीत, पायरीत तसाच निजवायचा. सोळाच्या सोळा मी पुसून टाकल्या.
"आता?"
"आता तुम्हीच शोधा."

४ फेब्रु.
दादांनी शोधायचं शिकवलं. दगड ओला करायचा आणि वाळताना बघायचं. बारीक रेघा उमटतात. नदीने रेती अंथरली, तिचे पदर. मग एक टाकाऊ दगड घेतला. पदर आडवे ठेवून घण घातला, घण उडाला. पदर उभे केले, छिन्नीच्या एका ठोक्यात वहीसारखा उघडला. पदर तिरपे ठेवले तर ओझ्याखाली घसरूनच फुटला.
"तिरपा सगळ्यात दगाबाज," दादा. "उभ्याचे पदर निदान दिसतात तरी."

५ फेब्रु.
हे मिलमधून आले. सगळं सांगितलं. म्हणाले, "आमच्या कागदाच्या गठ्ठ्यासारखंच की. वरून दाबा, काही होत नाही. कडेवर उभा करा, फाकला." एवढा वेळ माझं ऐकून घेतलं, म्हणजे खरंच आवडलं असणार. जेवताना भाकरीचा पापुद्रा सोलून दाखवला. हसत होते.

७ फेब्रु.
आज नऊ दगड लावून झाले. एक माझा चुकला. दादांनी तो उपसला, आडवा केला.
"काय बिघडलं असतं?"
"आज काही नाही. पाणी आत शिरत गेलं की चार-पाच पावसाळ्यांत केळीच्या खांबासारखा सोलला असता."
उरलेले सात मी पाण्याने, बोटाने, डोळे बारीक करून ओळखले. सातही बरोबर. दादा म्हणाले, "हूं." त्या हूंवर दिवसभर उडत होते.

९ फेब्रु.
दादा चहा पीत असताना मी त्यांची छिन्नी उचलली. त्यांनी हळूच काढून घेतली. राग नव्हता.
"आमच्यात बायका छिन्नी नाही धरत, बाई. माझ्या बायकोनं पण नाही धरली कधी."
"आणि पोरगा?"
"तो टाइल्स बसवतो. त्याला आवाज ऐकू येत नाही दगडाचा."
मला येतो. सलग असला तर टण्, आत पदर सुटलेला असला तर बद्. ते म्हणायचं राहून गेलं. चहाचे कप उचलले. हात शिवशिवत होते.

१२ फेब्रु.
पायऱ्या झाल्या. दुपारी उन्हात बसले, दगड ऊबदार. सिंधीपुऱ्याची जाऊबाई येऊन चढून-उतरून गेली. "यात काय एवढं?" तिला सांगायला लागले ते थांबलेच नाही. शेवटी म्हणाली, "तू दगडाला लागलीस आता."
सोमवारपासून दादांचं दापोऱ्याला काम, विहिरीचं बांधकाम. उद्या हत्यारं न्यायला येतील. काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, त्यांच्या बायकोचं नाव घेऊनच म्हणतील. तरी ते पायरीवर बसले की विचारायचंच: दादा, दापोऱ्याला मलाही न्या. खुणा करायला नाही, छिन्नी धरायला.