टाचेचा खळगा

दौंड, माघातला रविवार, दिवेलागण

नावेच्या तळाला नवं कॅनव्हास ताणून झालं, डांबरही दोनदा दिलं. राहिली ती वल्हवणाऱ्याच्या पायाखालची फळी. तिच्यात टाचेएवढा खळगा पडलाय. नवी फळी मी कापून ठेवली होती, पण दुपारभर हातात पटाशी घेऊन नुसताच बसलो. वडिलांच्या टाचेनं झिजलेलं लाकूड काढून टाकायचं कसं?

शेवटी त्यांनाच विचारलं. "आबा, तुमच्या टाचेची खूण हाय. ऱ्हाऊ दिऊ का?"

आबा काठी टेकत आले. चप्पल काढून त्यांनी खळग्यात टाच ठेवली. ती मावेना.

"माझी न्हाई ती," म्हणाले. "मी म्होरं उभा राहून जाळं टाकायचो. नाव तुझी आय वल्हवायची."

आई गेली तेव्हा मी रांगत होतो, आणि तेव्हापासून ही नाव पालथीच पडलेली. आईचा घरात एकच फोटो आहे. त्यात तिचे पाय दिसत नाहीत.

मग आबा नावेत चढले आणि पुढच्या टोकाला नदीकडं तोंड करून बसले. "बस मागं. वल्हव."

नाव अंगणात, विटांवर. वल्ही तर अजून केलेलीच नाहीत. तरी मी बसलो. खळग्यात टाच टेकवली आणि रिकामे हात ओढले. नाव विटांवर जराशी हलली.

आबांनी मागं वळून पाहिलं नाही.

"हळू," म्हणाले. "ती इतक्या जोरात न्हाई मारायची."