येण्याचं कारण

दि. २ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,
मयुरीचा सविनय जय भीम. वि. वि. चार दिवस तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र शेजारच्या वर्षालीच्या मोबाइलवर पाठवते. ती छापून तुमच्या हाती देईल.

आईचा व्हिसा नाकारला. काऊन, ते तरी विचारा! 'येण्याचं कारण' या रकान्यात मी लिहून दिलं होतं, मुलीची भेट व पर्यटन. तुम्ही वर्ध्याच्या सायबर कॅफेत बसून ते खोडलं आणि लिहिलं, मुलीचं बाळंतपण करणे, बाळाला तीन महिने सांभाळणे, स्वयंपाक करणे. बाबा, स्वयंपाकसुद्धा! उत्तर आलं की हे काम आहे, आणि पर्यटकाला इथे काम करता येत नाही. नव्या अर्जाला दीड महिना लागतो. माझी तारीख याच महिन्याची वीस, तुमच्या जावयाला, अनुपला, सुटी पाच दिवस. पहिलं बाळंतपण आईच्याच हातचं, असं तुम्हीच सांगत होते ना? नुसता संताप होतोय माझा.

तब्येतीला जपा, हे रागातही लिहिते.
तुमचीच,
मयुरी

नाचणगाव, दि. ५ सप्टेंबर

चि. मयुरीस,
जय भीम व आशीर्वाद. पत्र पोचलं. भाषा पाहून वाईट वाटलं. तहसीलमध्ये एकतीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले मी, खोटं लिहिणाऱ्याला दारात उभं केलं नाही. तुझी आई काय तिथं धबधबे पाहायला चालली होती? खरं लिहिलं तर चूक माझी? आणि ते साहेब तरी कसले! पोटच्या लेकीचं करणं, याला काम म्हणतात? बाईमाणूस घरात करते ती काय नोकरी आहे? तसं कडक पत्र त्यांना धाडलं आहे.

तुझी आई दिवसभर डिंकाच्या लाडवांचा डबा पुढ्यात घेऊन बसते.

फोन उचलीन, पण आधी आवाज खाली कर. माया आहे तशीच आहे.
तुझा बाबा,
तानबा

नाचणगाव, दि. ६ सप्टेंबर

चि. मयुरीले,
आईचा जय भीम अन् पोटभर आशीर्वाद. यायचं, म्हंजे तुह्या बाबाचं, पत्र वर्षालीनं मोबाइलवरून मले वाचून दाखवलं. म्हणून आज मीच लिहून राह्यली.

बाई, राग तुह्यावरही आहे. मले न विचारता तू पर्यटन लिहिलं, मले न विचारता यायनं खोडलं. सही तेवढी माही. वीस तारखेले तुले कळा येतीन अन् मी इथं भिंतीकडे पाहत बसीन. जीव जळते माहा.

तुह्या आत्यांची, काकूची, सहा बाळंतपणं काढली या हातानं. यायनं एक दिवस त्याले काम म्हटलं नाई. त्या परक्या साहेबानं पहिल्यांदा म्हटलं, अन् त्याच कागदावर मले अडवलं!

काल यायनं विचारलं, भाकर काऊन नाई टाकली. मी म्हटलं का हे काम नोहे ना, मंग तुम्हीच टाका, मी या घरात आता पर्यटक आहो. भाकरीचा धूर वर्षालीच्या घरापर्यंत गेलता.

अनुपले सांगजो, बाळाची आंघोळ मी फोनवर शिकवीन, त्यानं लाजू नये. लाडू पार्सलनं धाडते.

नवा अर्ज आज भरला. येण्याचं कारण माह्या हातानं लिहिलं, लेकीले पाहाचं आहे. त्याच्यापुढं कोणाले एक अक्षर लिहू देल्लं नाई.

तुही आई,
शोभाबाई