यूलालियाचा होकार

१० फेब्रुवारी, मंगळवार

"तुम्हाला कधी अटक झाली आहे का?"

"हो, बाई."

"तुरुंगात होतात?"

"हो." वर गोड हसू!

यूलालियाला आयुष्यात साधा दंडसुद्धा झालेला नाही. आठवडाभर कोंबड्यांच्या कारखान्यात मांड्या कापते, रविवारी चर्चमध्ये खुर्च्या लावते. अमेरिकन नागरिकत्वाच्या मुलाखतीत एकदा नापास झाली आहे, म्हणून माझ्याकडे हा सराव. पुढच्या महिन्यात दुसरी संधी. तीही हुकली तर सगळं पहिल्यापासून— आणि तेवढी सवड आहे कुठे? नवऱ्याकडे, गास्पारकडे, कागदपत्रं नाहीत. ही नागरिक झाली की त्याच्यासाठी अर्ज करता येईल, असं वकील म्हणतो.

आज वर्गात फळ्यावर इंग्रजीचे नेहमीचे घोळ. किचन आणि चिकन. उसनं घेणं आणि उसनं देणं. तिच्याच कारखान्यातला अब्दिरशीद उभा राहून म्हणाला, "बाई, मी दिवसभर किचन कापतो!" सगळे खो-खो हसले. माझं लक्ष यूलालियाच्या त्या "हो"कडेच.

१२ फेब्रुवारी

गास्पार तिला न्यायला ग्रंथालयाच्या तळघरात आला होता. मी विचारलंच— ही असं का करते? टोपी हातात घेऊन म्हणाला, "आमच्याकडे डोंगरात मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत, बाई. आधी हो म्हणायचं. मग बसायचं, कॉफी प्यायची, आणि हळूच सांगायचं की तसं काही नाही."

मुलाखतीत कॉफी नसते, गास्पार.

१७ फेब्रुवारी

आमच्या ह्यांचा जुना कोट कपाटातून काढला आणि घालून वर्गात गेले. आज मी अधिकारी. कोणी हसायचं नाही म्हणून दम भरला.

"तुम्ही कधी बँक लुटली आहे का?"

"हो, साहेब."

अब्दिरशीद मागून ओरडला, "आणि आम्हाला सांगितलं नाहीस! आमचा वाटा कुठाय?"

यूलालियाही हसली. पण टेबलाखाली तिच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता. तिला शब्द कळतात! बँकही कळते, लुटणंही. कोटासमोर नाही म्हणता येत नाही, एवढंच.

सगळा जन्म साप्ताहिकाच्या कचेरीत काढला. वेळ कमी असला की माझं डोकं थंड होतं. या वेळी होत नाहीये.

२४ फेब्रुवारी

ग्रंथालयासमोर पांढरी गाडी, काळ्या काचा. इमिग्रेशनच्या पोलिसांची असणार. तासभर उभी. अर्धा वर्ग आलाच नाही. गास्पार आता तिला न्यायला येत नाही. मी घरी सोडते.

३ मार्च

एकच वाक्य घेतलं. "मला कळलं नाही, पुन्हा सांगा." यूलालिया ते शिवी दिल्यासारखी पुटपुटत होती. मग मी कोट काढला, अब्दिरशीदला घातला. तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "बाई गं, तू माझी गाय चोरलीस का?"

"नाही!"

केवढ्यानं! वर स्वतःच तोंडावर हात ठेवला. मग पुन्हा— "नाही. नाही. नाही." लहान मुलीला नवी शिट्टी मिळावी तशी. गाडीत घरापर्यंत माझ्या प्रत्येक प्रश्नाला नाही. थंडी वाजते का? नाही. भूक लागली? नाही. दात वाजत होते तिचे!

१० मार्च

उद्या ओमाहाला तिची मुलाखत. जेवण गेलं नाही. तिनं "हो" म्हटलं तर? एका चुकीच्या "हो"नं फाईल कुठल्या टेबलावर जाईल, कोणाच्या दाराशी जाईल— नकोच ते.

११ मार्च

पास!!

मी बाहेरच्या बाकावर बसले होते. दार उघडलं, ती आली, आणि भर कचेरीत मला उचललं. अधिकाऱ्यानं एक अवघड शब्द विचारला. ती म्हणाली, "मला कळलं नाही, पुन्हा सांगा." त्यानं सोपं करून सांगितलं— "तुम्ही रोज दारू पिऊन पडता का?" "नाही!" इतक्या जोरात, की तो म्हणे दचकलाच.

येताना तिनं गास्पारला फोन केला. तो रडत होता की हसत होता, कळेना. शपथविधी सत्तावीसला. त्यानंतरच्या सोमवारी वकिलाकडे.

१७ मार्च

वर्गात केक. अब्दिरशीदनं कोट घालूनच कापला.

२३ मार्च, सोमवार

सकाळी यूलालियाच्या दाराशी तसल्याच पांढऱ्या गाडीतून दोघं आले. गास्पार आत बूट घालत होता.

"ताई, गास्पार इथेच राहतो ना?" अगदी अदबीनं विचारलं. स्पॅनिशमध्ये.

ती "हो" म्हणाली. कॉफी घेणार का, असंही विचारलं.

घेऊन गेले त्याला.

नाही म्हणायला मी तिला फक्त इंग्रजीत शिकवलं होतं.