माझी बातमी आईला कोणी सांगावी

मी, शिवांजली सयाजीराव खबाले, वय छप्पन्न, अविवाहित, धंदा पूर्वी केबल वाहिनीवर बातम्या वाचण्याचा व नंतर रिक्षाच्या भोंग्यावरच्या जाहिराती बोलण्याचा, राहणार विश्रामबाग, सांगली, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय (दडपण आणायला घरात माणूसच नाही) हे अखेरचे इच्छापत्र स्वहस्ते लिहून ठेवते. पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे, म्हणून आज बसले.

कलम १. घर. दोन खोल्यांचा हा फ्लॅट मी माझ्या पगारातून घेतला. माझे वडील, म्हणजे तात्या, तीन वेळा आमदार आणि एकदा मंत्री. त्यांच्या लेकीने स्वतःच्या पैशाने साधा पंखा घेतला तरी लोकांना पटत नाही. वाहिनीतली खुर्ची मात्र त्यांच्याच नावावर मिळाली, ते नाकारत नाही. पुढची बावीस वर्षे ती माझ्या आवाजावर टिकवली. सातच्या बातम्यांत त्यांना 'माजी मंत्री' म्हणायचे आणि घरी फोन लावला की 'तात्या'. सांगली-साताऱ्यात मला ओळखत नाही असा माणूस नव्हता, पण जेवायला ये म्हणणाराही नव्हता. साहेबांच्या लेकीला भाकरी-कालवण कसे वाढायचे, याचीच सगळ्यांना धास्ती.

हा फ्लॅट मी माझी आई चंद्राबाई, राहणार मेढा, हिला देते. ती घेणार नाही, मला ठाऊक आहे. तिने नाकारल्यास तो आमच्या वाहिनीच्या कॅमेरामनची मुलगी रुमाना मोहिद्दीन मुजावर हिला द्यावा. पोरगी बातमीदार झाली आणि कोणाच्या वशिल्याने झाली नाही.

कलम २. चुलतभाऊ ऋषिराज, सध्या तात्यांच्या जागी आमदार, याला सत्काराच्या शालींच्या दोन ट्रंका. एका शालीत दहा सत्कार उरकण्याची कला त्याच्याकडे आहे, तेव्हा जन्मभर पुरतील. तात्यांवरची बारा मिनिटांची चित्रफीत मात्र त्याला मिळणार नाही. दर जयंतीला मागतो. नाही म्हणजे नाही. का नाही, ते इथेच लिहिते.

मोठी माणसे आजारी पडली की वाहिन्या त्यांची श्रद्धांजलीची फीत आधीच जोडून ठेवतात. आमच्या धंद्यात त्याचे कोणाला काही वाटत नाही. २०१६ च्या मार्चात तात्यांना सांगलीत दवाखान्यात ठेवले, तेव्हा त्यांची फीत मी स्वतः जोडली. दुसऱ्या कोणी केली असती तर जन्मगावसुद्धा चुकवले असते. तिसऱ्या दिवशी, सातला पाच कमी असताना, ऋषिराजचा रडत फोन आला, "ताई, तात्या गेलं गं."

मरणाची बातमी दोन ठिकाणी खात्री केल्याशिवाय वाचायची नाही, हे नव्या पोरांना मीच बजावायचे. कॅमेऱ्यामागे रुमानाचे वडील मोहिद्दीन होते. ते म्हणाले, "ताई, दवाखान्यात एक फोन लावू काय? धा मिनटांवर तर हाय." मी म्हटले, वेळ नाही. माझ्या बापाची बातमी दुसऱ्या वाहिनीने आधी द्यावी, हे मला सोसणार नव्हते. आवाज जराही न हलवता वाचली आणि फीत लावली.

तात्या जिवंत होते. हृदय बंद पडून डॉक्टरांनी ते पुन्हा चालू केले होते, आणि मधल्या दोन मिनिटांत ऋषिराज फोन घेऊन बाहेर पळाला होता.

मेढ्यात आई टीव्हीसमोर होती. तिने कुंकू पुसले आणि उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या. शेजारणी म्हणत होत्या, आवं थांबा, कोणतरी येऊ दे. ती म्हणाली, "माजी लेक सांगतीया. ती खोटं सांगंल व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात आली. तात्या आधी माझ्याकडे वळले. "बाराच मिनटं व्हय गं? त्या कारखान्याच्या चेअरमनला पंधरा दिली हुतीस." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मग त्यांचे लक्ष आईच्या हातांकडे गेले. "अगं, बांगड्या कुटं हायत?" तिने हात पदराखाली घेतले. नवरा जिता असताना फोडलेला चुडा परत कसा भरायचा, हे गावात कोणालाच सांगता आले नाही. नऊ दिवसांनी तात्या खरेच गेले. आईच्या मते ते त्या बांगड्यांपायी गेले, आणि बांगड्या मी फोडायला लावल्या. मी नोकरी सोडली. दहा वर्षे होत आली, आई माझ्याशी बोललेली नाही. दर रविवारी मी फोन करते. ती उचलते, माझा आवाज ऐकते आणि ठेवते. उचलते तरी, एवढ्यावर माझे रविवार निघाले. एकटीने राहायची सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

कलम ३. कॅमेरा, दोन्ही माइक आणि ती फीत मोहिद्दीन मुजावर यांना. फीत त्यांनी जाळावी. या पत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. मी त्यांना विचारलेले नाही, पण ते नाही म्हणणार नाहीत.

कलम ४. फ्लेक्स नको, शोकसभा नको, ऋषिराजचे भाषण तर मुळीच नको.

कलम ५. हे सर्वांत महत्त्वाचे, बाकी काही झाले नाही तरी चालेल. माझ्या मरणाची बातमी आईला फोनवर किंवा टीव्हीवर कळता कामा नये. मोहिद्दीन यांनी गाडी करून मेढ्याला जावे आणि तिच्याशेजारी बसून सांगावे. आजारी आहे वगैरे थापा मारू नयेत. खरे सांगावे, आणि वर म्हणावे, आई, माझ्या सांगण्यावर जाऊ नका, चला, स्वतः बघा. ती यायला तयार झाली तर तिला घेऊन यावे, आणि तोवर मला हलवू नये, कितीही उशीर होवो. ती येणार नाही म्हणाली तर तिला कोणी एका शब्दाने दुखवू नये, आपले उरकून घ्यावे. पण आली, तर माझा हात तिच्या हातात द्यावा आणि सगळ्यांनी गप्प राहावे. ती 'गेली' म्हणाल्यावरच मला मेलेली धरावे. दहा वर्षांत माझ्यासाठी तिच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द असेल. मला तेवढा पुरे.

(सही) शिवांजली सयाजीराव खबाले

लिहिणारीने आमच्यादेखत सही केली व आम्ही तिच्यादेखत केली. ती शुद्धीवर होती. रडत होती, ते वेगळे.

साक्षीदार:
१. डॉ. अंकिता बिरदेव माळी, सांगली (सही)
२. लीलाबाई हरिबा ऐवळे, स्वयंपाकाला येणाऱ्या (अंगठा)

ठिकाण: सांगली
दिनांक: १९ जानेवारी २०२६