चार नंबरची भेग

प्रिय दीपक,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलंय. पत्राच्या तळापर्यंत ते टिकतं का, तूच बघ.

तुझा व्हॉट्सॲपवरचा निरोप मिळाला. चार नंबरच्या रायफलीचा दस्ताही तडकला, तेव्हा शास्त्रीबुवांनी आपल्या सुंदर भाषेत ‘मूळ उत्पादनातला दोष’ अशा अर्थाच्या चार ओळी लिहून द्याव्यात. अठ्ठावीस वर्षं मी शाळेत संस्कृत शिकवतोय. माझी भाषा सुंदर आहे असं एकाही पोराला कधी वाटलं नाही. क्लबच्या सेक्रेटरीला ती आवडते म्हटल्यावर मी खूष व्हायला हवं होतं. पण मला राग आला, आणि दोन दिवस झाले तरी तो उतरलेला नाही. म्हणून कागदावर लिहितोय. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास.

या क्लबात मला तूच ओढून आणलंस. पहिल्या दिवशी मी लक्ष्य सोडून मागच्या मातीच्या ढिगाचा अचूक वेध घेतला आणि तू महिनाभर मला अर्जुन म्हणत होतास. नेमबाजी मला आली नाहीच. मी येत राहिलो तो गोटीरामचं काम बघायला. पेठकडचा सुतार, बावीस वर्षं आपल्या रायफली सांभाळणारा. त्या अक्रोडाच्या दस्त्यांना तो माणसांसारखं वागवायचा. मृगाच्या आधी तळव्यानं जवसाचं तेल जिरवायचा, श्रावणात लाकूड फुगलं की स्क्रू अर्धा फेरा सैल करायचा, थंडीत पुन्हा आवळायचा. आपल्याकडची हवा पावसाळ्यात ओल्या गोणपाटासारखी आणि उन्हाळ्यात पापड वाळवण्याजोगी, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. एकदा मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “लाकूड मरतं सर, पन पानी प्यायचं सोडत नाय.” माझ्या सगळ्या शिक्षणात इतकं नेटकं सूत्र मला क्वचितच भेटलं. खंडेनवमीला आपण रायफली पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचो, तेव्हा शेजारी तो आपली तेलाची बाटली ठेवायचा. तिलाही फूल वाहायचा. आपण हसायचो. तू जरा जास्त.

मग तू सेक्रेटरी झालास आणि नळ्यांना गंज नको म्हणून बंद खोली बांधलीस. एसी, वर हवा कोरडी करणारं यंत्र. भर जुलैत, पाणी पिऊन टम्म फुगलेले दस्ते तू त्या खोलीत कोंडलेस. गोटीराम म्हणाला, एकदम नको, हळूहळू सवय लावू. तू म्हणालास, विज्ञान कळत नसेल तर मधे बोलू नये. तेलाचा वास येतो म्हणून त्याची बाटलीही कचऱ्यात टाकलीस. वरचं लाकूड आधी आटलं, आतलं मागे राहिलं, आणि दोघांच्या ओढाताणीत नऊ नंबर मुठीपाशी उभी फाटली.

आता आपल्या चौकशी समितीचा पराक्रम. तू, मी आणि क्लबाचा जुना सभासद सावळीराम. सावळीराम नेहमीप्रमाणे चहा येईपर्यंत जागा होता. डोंगरावर धूर दिसला की अग्नीचं अनुमान करायचं, पण आधी तो धूरच आहे ना हे बघायचं, एवढं मी आठवीला शिकवतो. आपण भेग बघितली आणि थेट माणूस गाठला. रायफल हातातून पडली असणार, पाडणारा गोटीराम. दस्त्याच्या कडेला ना खोच, ना ओरखडा. मग पडली कशी, हे कुणी विचारलंही नाही. ‘अक्षम्य हलगर्जीपणा’ हे शब्द त्याच्या सेवापुस्तकात गेले आणि साठीला टेकलेला माणूस एका दुपारीत बाहेर.

गेल्या गुरुवारी तो मला आपल्या इथल्या द्वारका चौकात भेटला. एका गोदामाच्या दारावर, दुसऱ्याच कुणाच्या मापाचा निळा युनिफॉर्म घालून उभा. दुसऱ्या एका क्लबानं त्याला बोलावलं होतं. सेवापुस्तक उघडलं आणि परत पाठवलं. हे मी खोदून विचारल्यावर कळलं. मला वाटलं होतं तो तोंड फिरवील. मी त्याच्या जागी असतो तर फिरवलंच असतं. त्यानं आधी रायफलींची खुशाली विचारली. मग म्हणाला, “चार नंबर भायेर काढा सर. तिच्या लाकडाच्या रेषा तिरप्या हायेत. त्या खोलीत नाय टिकायची ती.”

मी तुला त्याच संध्याकाळी फोन केला होता. तू हसलास. सोमवारी चार नंबर फाटली. बंद कपाटात, बंद खोलीत, जिची किल्ली फक्त तुझ्याकडे असते. हातातून पडायला तिथं हातच नव्हता, दीपक. आणि आता तुला तिच्यासाठी कारखान्याचा दोष हवाय, आणि नऊ नंबरसाठी गोटीराम तसाच ठेवायचाय.

त्या चार ओळी मी लिहिणार नाही. पण राग एकट्या तुझ्यावर काढून मोकळं होण्याची सोय मला नाही. ‘अक्षम्य हलगर्जीपणा’ हे शब्द तुला सुचण्यासारखे नव्हते. ते मी सुचवले, मी लिहिले, खाली सही केली, आणि वाक्य बरं उतरलं म्हणून मनात खूषही झालो. ती बाटली तू कचऱ्यात टाकलीस त्या दिवशी तू गेल्यावर मी ती उचलून शाळेतल्या माझ्या कपाटात ठेवली होती. म्हणजे दोष गोटीरामचा नाही, हे सही करताना मला ठाऊक होतं. तुझ्याशी बिनसायला नको, एवढंच माझं प्रमाण होतं.

सोबतचा कागद म्हणजे त्या अहवालावरची माझी सही मागे घेतल्याचं पत्र, सकारण. क्लबाच्या प्रत्येक सभासदाला एकेक प्रत आजच टाकली. गोटीरामची मी काल द्वारकेला जाऊन हातात दिली आणि उभं राहून वाचूनही दाखवली. त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली.

येत्या खंडेनवमीला नऊ आणि चार, दोन्ही पाटावर मांड. भेगा वर करून. बाटली मी आणतोय. गोटीराम आला तर ती त्याच्या हातानं ठेवली जाईल, नाही आला तर माझ्या. त्याच्या सेवापुस्तकातली ती ओळ खोडून तू सगळ्यांसमोर सही करणार असशील, तर पेन माझ्याकडे आहे.

तोपर्यंत तरी तुझाच,
निवृत्ती