लोकरवाल्याचं घर

३ मार्च १९२७

पाडणार! सॉल्टगेट रस्त्यावरचं लोकरवाल्याचं घर पाडणार — मोटारींना वळायला जागा हवी म्हणून! नोटीस दारावरच डकवली आहे.

ठराव नगरसेवक थर्टलचा. त्याचं कापडाचं दुकान त्या घराला खेटून आहे. मला रस्त्यात गाठून म्हणतो, "मिस लार्टर, लाकडाचं खोकं आहे हो ते! माझं दुकान बघा — पक्क्या विटांचं."

खोकं! खाली दगडी कमानींचं तळघर, त्यावर पेढी, वर रस्त्यावर झुकलेला राहत्या खोल्यांचा मजला. चारशे वर्षं! हा माणूस रोज त्याच्या सावलीत दुकान उघडतो आणि कधी मान वर करत नाही!

४ मार्च

जेवले नाही. नगरसभेसमोर करायचं भाषण लिहिलं. भाऊ म्हणाला, "ताई, सभा आहे ती, चॅपलमधलं प्रवचन नव्हे. सगळ्यांना नरकात पाठवू नकोस." बघू.

९ मार्च

बोलले. सभागृह खच्चून भरलेलं. सांगितलं — सुतारांनी हा सगळा सांगाडा आधी आपल्या आवारात जमिनीवर जुळवला. प्रत्येक सांध्यावर पटाशीनं आकडे कोरले. मग सुटा करून गाड्यांवरून इथं आणला आणि ओकच्या खुंट्या ठोकून उभा केला. एक खिळा नाही! टाळ्या पडल्या. मी पेटले. म्हटलं, "असं घर मरत नाही! आज सुटं करा, आकडे जुळवा, जसंच्या तसं उभं राहील!"

थर्टल शांतपणे उठला. "बाईंचे आभार. मग पाडायचं कशाला? सुटं करू, विकू. अमेरिकेत हौशी गिऱ्हाइकं आहेत."

टाळ्या! त्याच लोकांच्या!

वाटेत भाऊ म्हणाला, "छान बोललीस, ताई. फारच छान." छत्रीच हाणणार होते.

१५ मार्च

अमेरिकेतलं गिऱ्हाईक मिळालं.

२ एप्रिल

कौलं उतरली, वासे उतरले. रोज समोर जाऊन उभी राहते. घर म्हणजे नुसती लाकडं? मागचं दार नदीच्या धक्क्यावर उघडतं, कारण लोकर नावेत चढायची. तिथं ते कशावर उघडणार — कुणा धनिकाच्या हिरवळीवर? थर्टल दुकानातून ओरडतो, "आज भाषण नाही का, बाई?"

६ एप्रिल

वेलीची नक्षी कोरलेली मोठी तुळई सोडवायला घेतली. खुंट्या निघाल्या, तुळई हलेना. दोर लावून ओढली — आणि थर्टलच्या दुकानातून बोंब!

धावत गेले. छताचा गिलावा फुटून कापडाच्या ठाणांवर पडलेला. वर पाहिलं. तीच तुळई! भिंतीतून आरपार, त्याच्या दुकानाच्या पार टोकापर्यंत. तीच कोरीव वेल. सांध्यांवर पुढचे आकडे. पक्क्या विटा फक्त दर्शनी भागाला, कुणीतरी मागाहून चढवलेल्या. दोन घरं कधी नव्हतीच! अर्धं घर विकून हा गृहस्थ उरलेल्या अर्ध्यात उभा आहे!

७ एप्रिल

सकाळीच थर्टल दारात. हॅट हातात, भुवयांवर चुना.

"मिस लार्टर, उद्या तातडीची सभा आहे. बोलाल का — आपल्या घराबद्दल?"